ग्रंथातील विसंगती आणि गुलामाचे वाचन

धर्मग्रंथांतील विसंगती दाखवून देणे हा आपल्या चळवळीतील वक्त्यांचा आवडता उद्योग आहे. अभ्यासवर्गात, शिबिरात, महाविद्यालयातील वादसभेत कोणीतरी उठतो, एका पानावरचे वचन सांगतो, मग दुसऱ्या पानावरचे त्याच्या नेमके उलटे वचन सांगतो आणि श्रोते टाळ्या देतात. ग्रंथ हरला असे त्या क्षणी सर्वांना वाटते. मला या टाळ्यांविषयी शंका आहे. इतक्या सहजासहजी ग्रंथ हरत असते, तर त्यांनी माणसांवर शतकानुशतके राज्य केलेच नसते. म्हणून प्रस्तुत लेखात बायबलाचे उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासून पाहावा असे मी ठरवले आहे. बायबलातील विसंगतींवर पश्चिमेत प्रचंड वाद झाला आहे हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्या वादात एके काळी माणसांच्या पायांतील बेड्या गुंतलेल्या होत्या. १८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख काळी माणसे गुलाम होती, आणि त्यांना गुलाम ठेवणारे व सोडवू पाहणारे असे दोघेही एकच पुस्तक उघडून बोलत होते.

प्रथम विसंगतींची यादी थोडक्यात पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून देणारा यहूदा गळफास घेऊन मरतो. प्रेषितांच्या कृत्यांत तोच यहूदा शेतात पालथा पडतो आणि त्याचे पोट फुटते. दावीद राजाने शिरगणती केली. ती करण्यास त्याला कोणी प्रवृत्त केले? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वराच्या कोपाने, आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सैतानाने. बापाच्या पापाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते असे निर्गम म्हणते, तर मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असे यहेज्केल बजावतो. टॉमस पेनने अठराव्या शतकाच्या अखेरीस 'एज ऑफ रीझन'मध्ये अशा कितीतरी जागांवर बोट ठेवले.

यावर श्रद्धावंतांनी काय केले? त्यांनी मेळ घातला. यहूदाने आधी गळफास घेतला, मग दोरी तुटली, मग तो खाली पडला, मग पोट फुटले. दोन्ही वचने खरी. दोरी तुटल्याचे दोन्ही पुस्तकांत कोठेही लिहिलेले नाही, पण ग्रंथ वाचवायचा तर दोरी तुटलीच पाहिजे. आपल्याला हा प्रकार नवा नाही. मीमांसकांनी त्याला 'एकवाक्यता' असे भारदस्त नाव दिले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आधी नियोगाला परवानगी आहे आणि लगेच पुढे त्याचा निषेध आहे. शास्त्रीबुवांनी नियोग कलिवर्ज्य ठरवला आणि प्रश्न मिटवला. त्यांची ही 'तुटलेली दोरी'च.

यहूदा कसा मेला यावरून कोणाच्या भाकरीत फरक पडत नाही. खरा प्रश्न निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाचा आहे. मी वर्गात फ्रेडरिक डग्लसचे आत्मकथन शिकवतो तेव्हा हा अध्याय मुद्दाम सोबत ठेवतो. त्याच्या सोळाव्या वचनात माणूस चोरून विकणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. गुलामगिरीविरोधकांच्या हातातले हे सर्वांत धारदार शस्त्र. आफ्रिकेतून माणसे पकडून आणणे ही चोरी नव्हे तर दुसरे काय? पण चार-पाच वचने खाली उतरा. धन्याने गुलामाला काठीने मारले आणि तो जागीच मेला तर धन्याला शिक्षा. मात्र तो एक-दोन दिवस जगला तर शिक्षा नाही, कारण गुलाम हा धन्याचाच पैसा. त्याच्याही खाली आणखी एक नियम. धन्याने गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्याला मुक्त करावे. एकाच पानावर माणूस चोरणे हा मृत्युदंडाचा गुन्हा आहे, माणूस हा पैसाही आहे आणि त्या पैशाच्या दाताची भरपाईही ठरलेली आहे.

आज बायबलाचे अभ्यासक सांगतात की हे कायदे एका हाताचे वा एका काळाचे नाहीत. निर्गमातला कायदा सातव्या वर्षी इब्री गुलामाला सोडा म्हणतो, परंतु धन्याने दिलेली त्याची बायको आणि मुले धन्याकडेच ठेवतो. अनुवादात बाईलाही सोडावयाचे आहे आणि कोणालाही रिकाम्या हाती पाठवायचे नाही. लेवीय म्हणते, आपल्या भाऊबंदांना गुलाम करूच नका. करायचे तर आजूबाजूच्या परक्या लोकांना करा आणि वारशाने मुलांना द्या. म्हणजे विसंगती ही लेखनिकाची चूक नव्हे. त्या समाजात माणसाच्या मालकीविषयी जो झगडा चालू होता त्याचे थर एकावर एक साचलेले आहेत. हे समजावून घेणे मला पेनच्या यादीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकातील व्हर्जिनियाच्या शेतावर थर मोजायला कोणी बसले नव्हते. तेथे सारी वचने एकाच देवाची, एकाच वजनाची होती.

आणि येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. वचनाला वचन असा सामना झाला तेव्हा मळेवाल्यांच्या बाजूचे धर्मपंडित हरत नव्हते. अब्राहामाकडे गुलाम होते. लेवीयात परक्या गुलामांची कायम मालकी आहे. पौल इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिताना गुलामांना धन्याची आज्ञा पाळायला सांगतो. पेत्राचे पहिले पत्र तर कठोर धन्याचीही आज्ञा पाळा म्हणते. थॉर्नवेल, स्ट्रिंगफेलो यांच्यासारखी मंडळी ही वचने ओळीने मांडून विचारीत, तुमचे वचन कोठे आहे? समोरचे गलतीकरांस पत्राकडे बोट दाखवीत, जेथे ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही असे पौल म्हणतो. उत्तर तयार असे: तो भेद आत्म्यापुरता नाही; देहाला तो आहेच. हेन्री व्हॅन डाइक या ब्रुकलिनच्या धर्मोपदेशकाने १८६० च्या डिसेंबरात व्यासपीठावरून सांगून टाकले की गुलामगिरीला पाप म्हणणे म्हणजे नास्तिकतेची वाट धरणे. ग्रंथ प्रमाण मानला तर त्याचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते.

जेथे वचन त्यांच्या विरुद्ध जाई तेथे ते अर्थ लावीत. पळून आलेल्या गुलामाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल तेथे राहू द्या, अशी स्पष्ट आज्ञा अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. १८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने नेमका उलटा कायदा केला. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरचे मोझेस स्टुअर्ट पुढे आले. इब्री भाषेचे त्या काळचे हे मोठे पंडित. त्यांनी दाखवून दिले की हे वचन परराष्ट्रातून आलेल्या गुलामाविषयी आहे. एकाच राष्ट्रातील एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळणाऱ्याला ते लागू नाही. व्याकरण शुद्ध, विद्वत्ता निर्विवाद, आणि परिणाम असा की बोस्टनच्या रस्त्यावरून माणूस पकडून परत नेता येतो. विद्वत्तेविषयी आपल्या पिढीला जी भाबडी भक्ती आहे तिला स्टुअर्टचे उदाहरण हे चांगले औषध आहे. ज्या घरात माझ्याआधी कोणी पदवी पाहिली नव्हती त्या घरातून मी आलो, त्यामुळे ही भक्ती मला आतून ठाऊक आहे.

हामच्या शापाची कथा तर विसंगतीच्याही पलीकडची. नोहा दारू पिऊन उघडा पडतो. हाम हा मुलगा ते पाहतो. शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो तो हामला नव्हे, हामच्या कनान नावाच्या मुलाला. कातडीच्या रंगाचा त्यात उल्लेखही नाही. कनानचे वंशज पॅलेस्टाइनकडचे. तरीही एका दारू उतरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडचे हे वाक्य एका खंडातल्या माणसांच्या कपाळी मारले गेले. पायांपासून जन्मल्याची कथा ज्यांच्या वाट्याला आली त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता माझा मुद्दा मांडतो. विसंगती ही ग्रंथाची दुबळी बाजू आहे असे आपण समजतो. सत्तेच्या दृष्टीने ती ग्रंथाची सोय आहे. ज्या ग्रंथात सर्व काही आहे त्याला कधीच निरुत्तर करता येत नाही. धन्याला इफिसकरांस पत्र, सुधारकाला गलतीकरांस पत्र. दोघेही तृप्त आणि दोघेही ग्रंथाच्या आत. सुधारक एक चांगले वचन शोधून आणतो तेव्हा तो नकळत हेही मान्य करतो की माणसाला माणूस ठरवायला वचन लागते. उद्या प्रतिपक्षाने दुसरे वचन आणले की तो पुन्हा पाने उलटायला लागतो.

जाता जाता शब्दाविषयी थोडे. पौलाच्या मूळ ग्रीकमध्ये 'दूलोस' हा शब्द आहे, म्हणजे सरळ गुलाम. १६११ च्या इंग्रजी बायबलाने तो बहुधा नोकर या अर्थाच्या शब्दाने झाकला, आणि गुलामगिरीचे काही विरोधक त्याच आडोशाने म्हणू लागले की बायबलात गुलाम नाहीतच, नोकर आहेत. मराठीत 'दास' आला. हा शब्द आपल्याकडे भक्तीने इतका गोड करून ठेवला आहे की त्यातली बेडी ऐकूच येत नाही. रामाचा दास, हरीचा दास. दास होण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पौलही स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाला नाव देताना 'दास्य' घेतले नाही, 'गुलामगिरी' घेतले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचरणी लोकांना. मिशनरी शाळेत शिकलेल्या या माणसाला बायबल चांगले ठाऊक होते. तरी ग्रंथाचे आभार त्यांनी मानले नाहीत, माणसांचे मानले.

विसंगतीचे खरे सामर्थ्य सर्वांत आधी कोणाला कळले असेल तर मळेवाल्यांना. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील काळ्या गुलामांसाठी वेचलेले. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली तेच हे वर्ष. एकूण ११८९ अध्यायांपैकी त्यात २३२ ठेवले होते. योसेफ इजिप्तमध्ये गुलाम म्हणून विकला जातो, ते ठेवले. मोशे इजिप्तमधून गुलामांना बाहेर काढतो, ते कापले. इफिसकरांस पत्रातील आज्ञापालन ठेवले, गलतीकरांस पत्रातील समता कापली. ज्यांनी ही कात्री चालवली त्यांना एकवाक्यतेचा भ्रम नव्हता. वाचू शकणाऱ्या गुलामाला दोन्ही वचने मिळाली तर तो कोणते उचलील हे ते जाणून होते. या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत. त्यांतली एक टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात आहे, गुलामगिरी संपल्यावर १८६६ साली मुक्त झालेल्यांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात लिबर्टी नावाचा एक जिल्हा आहे. नाव स्वातंत्र्याचे आणि मळे गुलामांचे. तेथे चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक गुलामांना ख्रिस्ती शिकवण देत. ते स्वतः गुलामांचे मालक होते. १८३३ साली मोठ्या जमावासमोर त्यांनी फिलेमोनास पत्रावर प्रवचन केले. हे पत्र अवघ्या २५ वचनांचे. अनेसिम नावाच्या गुलामाला पौल त्याच्या धन्याकडे परत पाठवतो आणि धन्याला लिहितो की याला आता गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून ठेवून घे. जोन्स यांनी त्यातला परत पाठवण्याचा भाग घेतला आणि पौलाच्या नावाने पळून जाण्याचा निषेध केला. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. अर्धा जमाव शांतपणे उठला आणि चालता झाला. जे थांबले तेही प्रसन्न नव्हते. प्रवचनानंतर काहींनी गंभीरपणे सांगितले की असे पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, हे प्रवचन धन्यांना खूश करण्यासाठी आहे. काही म्हणाले, तुमचे प्रवचन पुन्हा ऐकले नाही तरी चालेल.

या माणसांना अक्षरओळख नव्हती. जॉर्जियाने १८२९ सालीच गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे गुन्हा ठरवले होते. 'असे पत्र नाही' हे त्यांचे विधान वस्तुस्थिती म्हणून खोटे आहे, पत्र आहे. पण समीक्षा म्हणून त्या शतकात बायबलावर याहून नेमके काही बोलले गेले असेल असे मला वाटत नाही. दोन वचनांचा मेळ घालण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. पत्राचा अर्थ असा नसून तसा आहे असेही ते म्हणाले नाहीत, आणि अनेसिमाला बंधू म्हटले आहे हा सोयीचा मुद्दा हाताशी असूनही त्यांनी तो उचलला नाही, कारण तो त्यांच्यापर्यंत पोचूच दिला गेला नव्हता. त्यांनी फक्त एवढे ठरवले की जे मला साखळीत परत पाठवते ते प्रमाण नाही. येथे न्यायाधीशाची खुर्ची ग्रंथाच्या बाहेर आली. आणि ती आणणारे अँडोव्हरचे पंडित नव्हते.

हीच गोष्ट शंभर वर्षांनंतर हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकाच्या घरी दिसते. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने आपल्या आजीविषयी लिहिले आहे. ती गुलामगिरीत जन्मलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. क्वचित करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रीतीचा अध्याय तेवढा चाले. पुढे त्याने कारण विचारले. तिने सांगितले, धन्याचा धर्मोपदेशक आम्हांला नेहमी पौलाचेच वचन ऐकवी, गुलामांनो आज्ञा पाळा म्हणून. तेव्हाच मी ठरवले की कधी सुटले आणि वाचायला शिकले तर तो भाग वाचणार नाही. लंडनच्या छापखान्याने एक कात्री चालवली, या म्हातारीने दुसरी. दोघांनीही ग्रंथ कापला. पण एकाची कात्री दुसऱ्याच्या गळ्यावर होती, दुसरीची स्वतःच्या पाठीवरचे वळ मोजून चालत होती. 'तुम्हीही सोयीचे तेवढेच घेता' असा आक्षेप आपल्यावर नेहमी घेतला जातो. सोय कोणाची, हे विचारले की आक्षेप घेणारे विषय बदलतात.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहार'विषयक न दिलेल्या आणि मग छापलेल्या भाषणात हा प्रश्न सरळ हाताळला आहे. शास्त्रांचा खरा अर्थ वेगळाच आहे असे लोकांना सांगून उपयोग नाही, लोकांनी तो कसा घेतला हेच महत्त्वाचे, म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारा, असे त्यांचे म्हणणे. कोणी विचारील, मग त्यांनी स्वतः बौद्ध ग्रंथांत निवड का केली? १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी बुद्धवचनाला कसोटी लावली आहे: जे बुद्धिवादाला व तर्काला धरून नाही, ज्याचा मानवी कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धाचे मानता येत नाही. मला यात विसंगती दिसत नाही. आधी खुर्ची बाहेर आणली, मग निवड केली. लिबर्टीच्या गुलामांनी आणि थर्मनच्या आजीने नेमके हेच केले होते, फक्त त्यांच्याजवळ ग्रंथ लिहायला कागद नव्हता. उलट क्रमाने जे जातात, ग्रंथ प्रमाण मानून त्यात समता शोधतात, त्यांची अवस्था व्हॅन डाइकसमोरच्या सुधारकांसारखी होते.

अमेरिकेतला वाद अखेर वचनांनी मिटला नाही. १८६१ ते १८६५ युद्ध झाले, त्यात लाखो माणसे मेली, आणि तेरावी घटनादुरुस्ती झाली. मार्क नॉल या इतिहासकाराने २००६ साली उपरोधाने लिहिले आहे की बायबलाचा अर्थ काय हे ठरवण्याचे काम शेवटी ग्रँट आणि शर्मन या सेनापतींवर सोपवावे लागले. गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात की नाही या वादातून १८४५ साली वेगळ्या झालेल्या दक्षिणी बॅप्टिस्टांनी १९९५ साली ठराव करून गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली. मधल्या दीडशे वर्षांत बायबलातले एक अक्षरही बदललेले नव्हते.

या इतिहासाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेले अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याच बोर्डाने १८४५ साली गुलाम बाळगणाऱ्यांना मंडळीतून काढण्यास नकार दिला, आणि आधार दिला तो प्रेषितांच्या काळच्या मंडळ्यांचा. त्या धोरणाला विटलेल्या लोकांनी पुढच्याच वर्षी वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली, आणि फिस्कच्या उभारणीत तिचाच हात होता. नगर जिल्ह्यात ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्यांना समतेचे वचन मिळाले ते या दुभंगलेल्या घराकडून.

आणि त्या वचनाचे पुढे काय झाले तेही पाहावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. कारण काय, तर ख्रिस्ती धर्मात जात नाही. केंद्र सरकारने २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात जवळपास हीच भूमिका मांडली की त्या समाजात असे मागासलेपण व छळ नव्हताच. म्हणजे गलतीकरांस पत्र आता सरकार वाचते आहे, आणि तेही व्हॅन डाइकच्या पद्धतीने. माणूस पाहायचा नाही, वचन पाहायचे. तमिळनाडूतील काही चर्चच्या दफनभूमीत दलितांची आणि इतरांची थडगी वेगवेगळी आहेत, हे त्या प्रतिज्ञापत्रात कोणत्या परिच्छेदात बसवायचे हे सरकारी वकिलाला विचारले पाहिजे.